पंधरा दिवस

"गाठ कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांची मान खाली होती आणि पेन कागदावर टेकलेलं. मावशी तपासणीच्या पलंगावर पाय खाली सोडून बसली होती. गाऊनची बटणं लावता लावता ती म्हणाली, "झाले असतील पंधरा दिवस." डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी मागच्या खुर्चीत होते, मांडीवर तिची पर्स, पर्सवर तिचा चष्मा. मी म्हणाले, "मावशी, सात महिने." मावशीचा हात चौथ्या बटणावर थांबला. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. डॉक्टरांनी 'पंधरा दिवस'वर आडवी रेघ मारली, वर बारीक अक्षरात 'सात महिने' लिहिलं आणि त्याच आवाजात पुढचं विचारलं, "पाळी कितव्या वर्षी आली होती?"

उपचार संपले, केस परत आले, औषधांच्या पिशव्यांनी अडवलेला कपाटाचा खण रिकामा झाला, पण ती आडवी रेघ काही माझ्या मनातून गेली नाही. डॉक्टरांपासून काही लपवू नये हे कुणीही सांगेल. मी खरं तेच बोलले होते. तरी खरं बोलल्याचं समाधान मला एक दिवससुद्धा मिळालं नाही. ते सात महिने मला कसे ठाऊक होते, हे लिहायला मात्र मला थोडा वेळ लागणार आहे.

बटणं लावायच्या आधी डॉक्टरांनी तिला दोन्ही हात डोक्यावर न्यायला सांगितलं होतं. हात खाली असताना दोन्ही बाजू सारख्या दिसत होत्या, निदान माझ्या डोळ्यांना. हात वर गेले आणि डाव्या स्तनाच्या वरच्या, काखेकडच्या भागात एक खळी पडली. हसताना गालाला पडते ना, अगदी तशी. मी क्षणभर त्या खळीकडे बघतच राहिले, कारण ती सुंदर दिसत होती आणि ती तिथे असायला नको होती. स्तनाच्या आत बारीक चिवट तंतू असतात, आतल्या भागाला त्वचेशी बांधून ठेवणारे. कर्करोगाची गाठ वाढताना हे तंतू आपल्याकडे आखडून घेते. हात वर केला की आजूबाजूची त्वचा वर सरकते, तेवढीच जागा खिळून राहते, आणि खळी पडते. डॉक्टरांनी बोटांच्या पेरांनी गोल गोल दाबत गाठीच्या कडा शोधल्या, मग काखेत खोलवर बोटं घातली. सगळ्यात जास्त गाठी स्तनाच्या याच भागात होतात, हे नंतर कळलं. तेव्हा मी फक्त त्यांच्या बोटांकडे बघत होते. एका जागी ती थांबली, पुढे गेली, पुन्हा त्याच जागी आली.

मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनाचा एक्स-रे काढायच्या खोलीत मला जाता आलं नाही. "दोन पाट्यांमध्ये धरून दाबतात," मावशी बाहेर येऊन म्हणाली, "आणि म्हणतात श्वास घेऊ नका. घ्यायला कुठे जमतंय!" तो दाब त्रास द्यायला नसतो. आतल्या थरांनी एकमेकांवर चढून सावल्या पाडू नयेत आणि कमीत कमी किरणांत स्वच्छ चित्र मिळावं, म्हणून एवढं सपाट करावं लागतं. पडद्यावर चरबी काळी दिसते, दुधाच्या ग्रंथी पांढऱ्या, आणि गाठही पांढरीच. तरुण बाईच्या स्तनात ग्रंथी दाट असतात, तिथे पांढऱ्यात पांढरं शोधायचं असतं. म्हणून त्या वयात सोनोग्राफीचा आधार जास्त घेतात. मावशी अठ्ठावन्न वर्षांची. तिच्या चित्राची पार्श्वभूमी बरीचशी काळी होती आणि त्यात तो ठिपका, कडेने बारीक काटे फुटलेला. या तपासणीच्या अहवालात ० ते ६ अशी श्रेणी देतात. तिच्या कागदावर ५ होता. ५ म्हणजे कर्करोग असण्याची शक्यता ९५ टक्के किंवा त्याहून जास्त. पण पक्कं काय ते सूक्ष्मदर्शकाखालीच ठरतं.

बायॉप्सीच्या, म्हणजे गाठीचे तुकडे सुईने काढून तपासायला पाठवण्याच्या आधी घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने मला बाजूला घेतलं होतं. "सुई लावू देऊ नका, सुई लागली की पसरतो." इतक्या काळजीने सांगितलेलं इतकं चुकीचं वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही. सुईने स्तनाचा कर्करोग अंगभर पसरत नाही. उलट त्या सुईशिवाय कुठलं औषध द्यायचं, आधी कापायचं की आधी औषध, यातलं काहीच ठरवता येत नाही. जागा बधिर केली, सोनोग्राफीच्या पडद्यावर गाठ धरली, आणि सुई आत घालण्याआधी डॉक्टरांनी ती हवेतच एकदा उडवून दाखवली. टक्. "हाच आवाज येईल, दचकू नका." तरी मावशी पहिल्यांदा दचकलीच. पाच वेळा टक् झालं. छोट्या बाटलीतल्या औषधात पाच पांढुरके तुकडे तरंगत राहिले, शिवणाच्या दोऱ्याच्या शेंड्यांसारखे. बाटलीवर तिचं नाव, वय, 'डावा', आणि घड्याळातली वेळ.

मग नऊ दिवस.

या नऊ दिवसांत घरातला फोन सारखा वाजत राहिला. प्रत्येकाकडे एक कारण होतं. घट्ट अंतर्वस्त्रं, काखेत मारायचा सुगंधी फवारा, कधीतरी लागलेला मार. एकजण म्हणाली, सगळं मनात साठवत राहते ना ती, मग अशी गाठ होणारच. पहिल्या तिन्हींना शास्त्राचा आधार नाही. मनात साठवल्याने स्तनाचा कर्करोग होतो याचाही ठाम पुरावा नाही, पण हे कारण मावशीला चिकटून बसलं. आयुष्यभर सोसलं त्याचीही शिक्षा, असं काहीसं. रात्री दिवा घालवल्यावर तिने मला विचारलं, "माझं नक्की काय चुकलं गं?" मी म्हणाले, काही नाही. फार पटकन म्हणाले. पटकन दिलेल्या उत्तराने माणसाचं समाधान होत नाही, हे मला तेव्हा तरी कळायला हवं होतं.

मग मी वाचत बसले. कारणं खरोखर आहेत, आणि ती जुनी आहेत. बर्नार्डिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७१३ मध्ये लिहून ठेवलं की मठात राहणाऱ्या नन्समध्ये हा रोग इतर बायकांपेक्षा जास्त दिसतो. संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, काय असतात हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. त्याने फक्त नीट पाहिलं. आज आपण सांगू शकतो की पाळी लवकर सुरू होणं, उशिरा जाणं, मूल न होणं किंवा उशिरा होणं, अंगावर न पाजणं, या सगळ्यांत स्तनाच्या पेशींवर एस्ट्रोजेन या संप्रेरकाचा अंमल जास्त काळ राहतो. ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २००२ मध्ये निघालेला निष्कर्ष असा की स्तनपानाच्या दर १२ महिन्यांमागे धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो, आणि दर बाळंतपणामागे वेगळा ७ टक्क्यांनी. याशिवाय मद्य, पाळी गेल्यानंतर वाढलेलं वजन, हालचाल नसणं, काही प्रकारच्या संप्रेरक गोळ्या दीर्घकाळ घेणं, लहान वयात छातीवर घेतलेले किरणोपचार. आणि या सर्वांच्या वर, बाई असणं आणि वय वाढणं. पुरुषांनाही होतो, शंभरात अर्धा ते एक.

मावशीला मूल नाही. मी ते पान वाचत होते तेव्हा ती शेजारच्या खोलीत होती, आणि मी पडद्याचा उजेड कमी केला. पण आकडेवारी वाचायची तिला गरजच पडली नाही. दुसऱ्या दिवशी फोनवर कुणीतरी तिला तेच म्हणालं, "एखादं मूल असतं तर कदाचित…" तिने फोन ठेवला आणि खिडकीचा पडदा उगाच सारखा करत उभी राहिली. त्या बाईचं वाक्य शास्त्राला धरून होतं, याचाच मला जास्त राग आला. लाखो बायकांना एकत्र मोजल्यावर मिळालेला आकडा एकीच्या तोंडावर फेकला की तो आकडा राहत नाही, आरोप होतो. चार मुलांना अंगावर पाजलेल्या बाईलाही हा रोग होतो. ज्यांना होतो त्यातल्या जवळजवळ निम्म्या जणींकडे वय आणि बाईपण सोडून दाखवण्यासारखं एकही कारण सापडत नाही. हे निम्मं मला फार दिलासा देऊन गेलं आणि फार घाबरवूनही.

डॉक्टरांनी घराण्याचा नकाशा काढला होता, गोल म्हणजे बायका, चौकोन म्हणजे पुरुष. आनुवंशिक दोषातून येणारे स्तनाचे कर्करोग शंभरात ५ ते १० असतात. मेरी-क्लेअर किंग या शास्त्रज्ञ बाईंनी १९९० मध्ये दाखवून दिलं की असा एक दोष सतराव्या गुणसूत्रावर घराण्यातून खाली उतरतो. १९९४ मध्ये ते जनुक हाती लागलं, त्याला बीआरसीए१ म्हणतात, आणि पुढच्या वर्षी बीआरसीए२. ही जनुकं खरं तर रखवालदार आहेत, तुटलेला डीएनए नीट करणारी. त्यांच्यातच बिघाड असला की बाकीचे बिघाड साचत जातात, आणि अशा बाईला आयुष्यात कधीतरी स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता साठ टक्क्यांच्या पुढे जाते. नकाशात मावशीच्या गोलाशेजारी माझ्या आईचा गोल होता, त्याखाली माझा. मावशीची जनुक चाचणी झाली, त्यात काही निघालं नाही. तो कागद वाचून मी मोकळा श्वास घेतला आणि मग लक्षात आलं की मावशीही माझ्याच चेहऱ्याकडे बघत होती. "तुम्ही सुटलात," ती म्हणाली. ती मनापासून आनंदली होती. मला मात्र तिच्याकडे बघवेना.

पेशी विभागताना तिला आपला सगळा डीएनए पुन्हा लिहून काढावा लागतो. कोट्यवधी अक्षरं, प्रत्येक वेळी. त्यात चुका होतात, बहुतेक दुरुस्त होतात, एखादी राहते. वर्षांमागून वर्षं अशा राहिलेल्या चुका एकाच पेशीत जमल्या, आणि 'आता थांब' हे तिला ऐकू येईनासं झालं, की ती वाढत सुटते. हाताला लागण्याआधी अशी गाठ बहुतेकदा कित्येक वर्षं आत असते. मी हे मावशीला सांगायला गेले आणि शब्दापाशी अडखळले. पेशीतलीही चूकच आणि माणसाचीही चूकच. आपल्याकडे दोन्हीला शब्द एकच. "म्हणजे चूक झाली, पण कुणी केली नाही," मावशी स्वतःच म्हणाली. मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

अहवालात कर्करोग होता. त्याखाली तीन ओळी होत्या आणि डॉक्टर त्या तीन ओळींवरच जास्त वेळ बोलल्या. एस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. काही गाठींच्या पेशींना संप्रेरकाची हाक ऐकणारे जणू कान असतात. हाक आली की वाढतात. शंभरातल्या सत्तरएक गाठी अशा असतात. मग औषधाचं काम सरळ होतं, हाक बंद करायची किंवा कान झाकायचे. जॉर्ज बीटसन या ग्लासगोच्या सर्जनने १८९६ मध्ये बीजाशय काढल्यावर स्तनातली वाढलेली गाठ आक्रसते असं प्रसिद्ध केलं, एस्ट्रोजेन हा शब्दही नव्हता तेव्हा. हर-टू नावाचं प्रथिन ज्या गाठींवर भरमसाट असतं, त्या एके काळी सगळ्यात धास्तीच्या समजल्या जायच्या. १९९८ मध्ये त्यांच्यासाठीचं ट्रास्टुझुमॅब बाजारात आलं आणि त्या बायकांचं भवितव्यच पालटलं. तिन्ही ओळी निगेटिव्ह असलेली गाठ तरुण बायकांत जास्त आढळते आणि औषधांना तिला धरायला जागा कमी. 'ब्रेस्ट कॅन्सर' असं आपण एका दमात म्हणतो. आत वेगवेगळ्या स्वभावाचे रोग आहेत. शेजारणीला कोणतं औषध लागू पडलं, हे म्हणूनच विचारून उपयोग नसतो.

"स्तन काढावा लागेल?" मावशीने हे विचारताना माझा हात धरला होता. गाठ पावणेचार सेंटिमीटरची, काखेतली एक लसिकाग्रंथीही बाधित. डॉक्टर म्हणाल्या, आधी केमो देऊ, गाठ लहान झाली तर फक्त गाठ आणि भोवतीची कड काढू. असं म्हणता येण्यामागे केवढा इतिहास आहे हे मला ठाऊक नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हॉल्स्टेड या अमेरिकन सर्जनने रूढ केलेली शस्त्रक्रिया स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथी असं सगळं एकत्र काढून टाकायची. जितकं जास्त कापाल तितकं बरं, असा समज पुढे पाऊणशे वर्षं टिकला. बर्नार्ड फिशर यांनी तो तपासायचं ठरवलं. १९७६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या चाचणीत कोणत्या बाईचा पूर्ण स्तन काढायचा आणि कोणाची फक्त गाठ, हे कुणा डॉक्टरने नाही, चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं गेलं. १,८५१ बायकांचा २० वर्षं पाठपुरावा झाला. जगण्यात फरक पडला नाही. मात्र फक्त गाठ काढून किरणोपचार न घेतलेल्यांत त्याच स्तनात रोग परतण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्के होतं, घेतलेल्यांत सुमारे १४. मी मावशीला म्हणाले, या बायका नसत्या तर आज तुला निवडच नसती. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यांना वीस वर्षं दर वेळी तपासायला जावं लागलं असेल ना?"

केमोच्या आधी गाठीत एक धातूची क्लिप घातली, तिळाएवढी. औषधाने गाठ दिसेनाशी झाली तर सर्जनला जागा सापडावी म्हणून. गाठ दिसेनाशी होऊ शकते, हे धरून कुणीतरी आधीच खूण ठेवतंय, ही गोष्ट मला त्या सगळ्या महिन्यांत सगळ्यात जास्त आशेची वाटली. दर तीन आठवड्यांनी चार वेळा लाल औषध. ते डॉक्सोरुबिसिन खरंच लाल असतं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लघवीलाही लाल रंग येतो. आधी सांगितलेलं नसतं तर आम्ही घाबरून धावलो असतो. तोंडात फोड येऊ नयेत म्हणून सलाईन चालू असताना नर्स तिला बर्फाचे खडे चघळायला द्यायची. खोलीत यंत्राची टिकटिक आणि तिच्या दातांखाली बर्फाचा करकर आवाज. केस तिसऱ्या आठवड्यात गेले. गळाले असं म्हणतात, पण प्रत्यक्षात ते नुसते सुटून येतात, उशीवरून, कानामागून, ओढावंसुद्धा लागत नाही. चौथ्या दिवशी तिने मला मशीन आणायला सांगितलं. डोक्याची त्वचा इतकी पांढरी, इतकी मऊ निघाली की माझा हात तिथेच राहिला. "कसं दिसतं?" तिने विचारलं. मी म्हणाले, तुझ्या लहानपणीचा फोटो आहे ना, तसं.

पुढची बारा इंजेक्शनं आठवड्याला एक. ती सोपी म्हणतात, आणि उलट्यांच्या हिशेबाने होतीही. पण पॅक्लिटॅक्सेलने बोटांची टोकं बधिर होत गेली. नाणं उचलता येईना, पुस्तकाचं पान उलटता येईना. बटणं लावता येईनात. रोज सकाळी मी तिच्या समोर बसून गाऊनची बटणं लावायचे, पहिलं, दुसरं, तिसरं. चौथ्यापाशी आलं की दर वेळी आम्ही दोघीही गप्प व्हायचो, किंवा मलाच तसं वाटायचं.

शस्त्रक्रियेत काढलेल्या भागात क्लिप सापडली आणि तिच्याभोवती गाठीचा बारका अवशेष. स्तन राहिला, एका बाजूने थोडा बसका. काखेतून निघालेली रबरी नळी आणि तिला जोडलेला डबा. त्यात रोज साठलेलं पाणी मोजून वहीत लिहायचं. मग भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, रोज कालच्यापेक्षा थोडी वर. पेन्सिलीच्या खुणा अजून तिथे आहेत, मी त्या पुसू दिल्या नाहीत. किरणोपचारांसाठी त्वचेवर कायमचे तीन ठिपके गोंदले, टाचणीच्या टोकाएवढे. डावी बाजू असल्याने खोल श्वास घेऊन रोखून धरायचा असतो. छाती फुगते, हृदय किरणांच्या वाटेतून मागे सरकतं. घरी आम्ही सराव करायचो. ती श्वास धरायची, मी आकडे मोजायचे. पंधरा दिवस चाललं ते. पंधराच दिवस, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

उशिराबद्दल बोलायलाच हवं, कारण उशीर खरा असतो. १९९९ मध्ये ८७ अभ्यासांतल्या लाखभराहून अधिक रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. लक्षण दिसल्यापासून तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ घालवलेल्या बायकांमध्ये पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण १२ टक्क्यांनी कमी होतं. तेव्हा सात महिन्यांनी काही बिघडलं नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी खोलीत तो आकडा खोडल्याने तिच्या उपचारात काय बदललं? मी नंतर डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, किती दिवसांपासून आहे हे आम्ही विचारतोच, गाठ किती वेगाने वाढतेय याचा अंदाज येतो. पण उपचार ठरले ते आकारावर, काखेवर आणि त्या तीन ओळींवर.

बायकांनी दर महिन्याला ठरावीक पद्धतीने स्वतःला तपासावं, असं पूर्वी सगळीकडे सांगायचे. शांघायमध्ये २ लाख ६६ हजार कामगार बायकांना घेऊन दहाएक वर्षं याची चाचणी झाली. ज्यांना शिकवलं आणि ज्यांना नाही, त्यांच्यात या रोगाने झालेल्या मृत्यूंत फरक दिसला नाही. म्हणून आता तारीख-वार पाळून तपासण्यावर फारसा भर देत नाहीत. आपलं नेहमीचं रूप आपल्या ओळखीचं असावं आणि त्यात बदल दिसला की दाखवावं, एवढंच सांगतात, आणि वयाप्रमाणे मॅमोग्राफी. नवी गाठ, त्वचेला खळी, संत्र्याच्या सालीसारखी खरखर, आत वळलेलं किंवा रक्त येणारं स्तनाग्र, काखेतली गाठ. बहुतेक गाठी कर्करोगाच्या निघत नाहीत, हेही तितकंच खरं. आणि एक गोष्ट मी कुणाचंही दार वाजवून सांगायला तयार आहे. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. दुखत नाही म्हणून काही नाही, असं कधीही म्हणू नका.

मी म्हणाले होते.

तपासणीच्या सात महिने आधीची दुपार. मावशी धुतलेले कपडे घड्या घालत होती आणि मी फोनवर कामाचा एक निरोप लिहीत होते. ती म्हणाली, "अगं, माझ्या ओळखीच्या एका बाईला छातीत गाठ लागतेय. दुखत वगैरे नाही म्हणते. तर काळजीचं काही नसतं ना?" मी वर न बघता म्हणाले, "दुखत नाही ना? मग चरबीची असेल. दुखायला लागली तर दाखवा म्हणावं." ती "बरं" म्हणाली. उशीच्या अभ्र्याची घडी तिने एकदा मोडून पुन्हा घातली, एवढं मला दिसलं होतं, डोळ्यांच्या कोपऱ्यातून. ती ओळखीची बाई कोण, हे मला तेव्हा कळलं नाही असं मी म्हणू शकते. अर्धवट कळलं होतं आणि मी निरोप पूर्ण केला, हे जास्त खरं आहे. ती सात महिने दुखायची वाट बघत राहिली, माझ्या शब्दावर.

डॉक्टरांसमोर 'सात महिने' म्हणताना मला वाटत होतं, मी लपवाछपवी थांबवतेय. तो आकडा माझ्या नावावरचा होता आणि मी तो सगळ्यांदेखत तिच्या नावावर टाकत होते. कारणं घेऊन फोन करणाऱ्या त्या सगळ्या माणसांपेक्षा मी वेगळं काय केलं?

गेल्या महिन्यात सहामाही तपासणीला गेलो होतो. रोज एक लेट्रोझोलची गोळी चालू आहे, पाळी गेल्यावरही चरबीत थोडं थोडं बनत राहणारं एस्ट्रोजेन ती अडवते. काही वर्षं घ्यायची आहे, आणि सकाळी उठताना सांधे धरतात. खोलीत नवे तरुण डॉक्टर होते. पहिल्या पानापासून फाइल चाळताना ते एका जागी थांबले. "इथे खोडलंय. सुरुवातीला गाठ पंधरा दिवस होती की सात महिने?" माझ्या घशाला कोरड पडली. मावशी म्हणाली, "सात महिने." आवाज अगदी साधा. ते मान हलवून पुढच्या पानावर गेले. सगळं ठीक होतं.

ते नोंदी करायला बाहेर गेले तेव्हा मी बोलले. "मावशी, त्या दुपारी तू विचारलं होतंस. मी फोनमध्ये होते."

"हो, आठवतंय की," ती म्हणाली. ती पलंगावर बसून बटणं लावत होती. बोटांना अजून नीट कळत नाही, म्हणून बटण आधी डोळ्यांनी शोधायचं, मग काजाशी न्यायचं. "म्हणून तर पंधरा दिवस सांगितलं. सात महिने म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येणार, एवढे दिवस कुणाला सांगितलं नाही का? आणि तू मागेच बसलेली."

चौथं बटण एकदा निसटलं. मी उठू लागले तर तिने मानेनेच नको म्हटलं. दुसऱ्या खेपेला ते लागलं. मग तिने माझ्या मांडीवरचा चष्मा उचलला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, "चल, पुढची तारीख घ्यायची राहिलीये."